चार टीबीचा पोस्टग्रेस डेटाबेस मंदावलाय: मशीन बदलायची, डेटाबेस बदलायचा की आणखी काही?

नमस्कार.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मालवाहतुकीची कंपनी आहे. सगळा कारभार एकाच पोस्टग्रेस डेटाबेसवर चालतो आणि त्याचा आकार ४ टीबीच्या आसपास गेलाय. त्यातला अर्ध्याहून जास्त भाग एकट्या एका टेबलाचा आहे. कुठलं पार्सल कुठल्या हबवर कधी स्कॅन झालं, त्याच्या नोंदी त्यात आहेत. ओळी १८० कोटी, रोज साधारण ४० लाखांची भर. दिवसा ट्रॅकिंग अडखळतं आणि महिनाअखेरीचे रिपोर्ट सुरू झाले की सगळंच थंडावतं. मॅनेजमेंटने तीन पर्याय पुढे केलेत: दुप्पट मोठी मशीन, शार्डिंग (डेटा अनेक डेटाबेसवर वाटून ठेवणं), किंवा पोस्टग्रेस सोडून एखाद्या नोएसक्यूएल (टेबलांच्या नात्यांची चौकट नसलेल्या) डेटाबेसवर जाणं. यातला कुठला घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत आधीच सांगतो: आजच्या घडीला तिन्ही नकोत. का, ते पुढे लिहितो. पण त्याआधी एक गोष्ट आजच तपासा, कारण ती तुमच्यासाठी थांबणार नाही.

त्या मोठ्या टेबलाचा आयडी (प्रत्येक ओळीचा क्रमांक) इंटिजर आहे की बिगइंट, म्हणजे त्याहून मोठे आकडे मावणारा प्रकार? इंटिजरची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७, म्हणजे २१४ कोटींच्या थोडी वर. तुम्ही १८० कोटींवर आहात. रोज ४० लाख या वेगाने उरलेले ३४ कोटी आकडे तीन महिन्यांच्या आत संपतात. शिवाय ओळी १८० कोटी आहेत म्हणून सिक्वेन्स (नवे आयडी देणारा काउंटर) सुद्धा १८० कोटींवरच असेल असं धरू नका. रोलबॅक झालेल्या, म्हणजे रद्द झालेल्या ट्रॅन्झॅक्शनने (एकत्रच पूर्ण होणाऱ्या बदलांच्या गटाने) घेतलेला नंबर परत मिळत नाही, पुसलेल्या ओळींचाही नाही. सिक्वेन्स बराच पुढे गेलेला असू शकतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये बेसकॅम्प या प्रोजेक्ट सांभाळायच्या सेवेला याच मर्यादेने गाठलं होतं आणि जवळपास पाच तास त्यांच्या ग्राहकांना फक्त वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. त्या आयडीकडे बोट दाखवणारे इतर टेबलांतले कॉलमही तपासा. मूळ टेबल बिगइंट केलेलं असतं आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या टेबलातला कॉलम इंटिजरच राहिलेला असतो, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय.

आकडे खरोखरच संपत आले असतील तर तात्पुरता उपाय आहे: सिक्वेन्स उणे बाजूला वळवायचा, म्हणजे आणखी २१४ कोटी आकडे मोकळे होतात. ॲप्लिकेशनमध्ये कुठे 'आयडी शून्यापेक्षा मोठा' किंवा 'मोठा आयडी म्हणजे नवी नोंद' असं गृहीत धरलं नसेल तरच हे करा. याने वेळ मिळतो, एवढाच त्याचा उपयोग. कायमचा मार्ग पुढे पार्टिशनच्या (टेबलाचे तुकडे करण्याच्या) भागात सांगतो.

आता मूळ मुद्दा. ४ टीबी हा आकार म्हणून फार नाही. पोस्टग्रेसमध्ये नेहमीच्या ८ केबीच्या ब्लॉकला एका टेबलाची मर्यादाच ३२ टीबी आहे. त्रास होतो तो वेगळ्याच कारणाने. इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेली सूची) बांधणं, व्हॅक्यूम (निकामी ओळींची साफसफाई), जुना डेटा काढणं, कॉलमचा प्रकार बदलणं, बॅकअप परत आणणं ही कामं ४० जीबीच्या डेटाबेसवर चहा पिऊन येईपर्यंत उरकतात. ४ टीबीला त्यांना तास लागतात, कधी दिवस लागतात, आणि त्या सगळ्या वेळात धंदा चालूच असतो. म्हणून मोठा डेटाबेस सांभाळताना मी एकच कसोटी लावतो: हे काम अख्ख्या टेबलावर एकदम करावं लागतंय का? लागत असेल तर रचना बदलायची, म्हणजे ते तुकड्यांनी करता येईल. खाली जे जे लिहिलंय त्यातलं बहुतेक या एका विचारातून आलंय.

सुरुवात मोजण्यापासून करा. 'डेटाबेस स्लो आहे' यावरून काहीच ठरवता येत नाही. कुठली क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) किती वेळ घेते ते मोजणारं पीजी स्टॅट स्टेटमेंट्स हे एक्स्टेन्शन चालू नसेल तर आधी चालू करा (एकदा रिस्टार्ट लागतो), आठवडाभर डेटा जमू द्या आणि क्वेरी एकूण वेळेच्या क्रमाने लावा. एका वेळी किती लागतो यापेक्षा सगळ्या वेळा मिळून किती लागला हा क्रम महत्त्वाचा. चार मिनिटांचा रिपोर्ट सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो, पण सर्व्हरचा जास्त वेळ अनेकदा ३० मिलिसेकंदांची, दिवसातून लाखो वेळा धावणारी एखादी क्वेरी खात असते. त्याच काळात पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटीमधले (आत्ता कोण काय करतंय ते दाखवणाऱ्या यादीतले) वेट इव्हेंट, म्हणजे थांबण्याची कारणं, दर काही सेकंदांनी टिपत राहा. सेशन (चालू जोडण्या) डिस्कवरून वाचण्यासाठी थांबलेत, लॉकसाठी (दुसऱ्याने धरलेली ओळ किंवा टेबल सुटावं म्हणून) थांबलेत, वॉल (प्रत्येक बदल आधी जिथे टिपला जातो ती नोंदवही) लिहिण्यासाठी थांबलेत की सीपीयूसाठी झटतायत, हे कळलं की अर्धं निदान झालं. डिस्कसाठी थांबलेल्या डेटाबेसला मेमरी वाढवून खरंच फायदा होतो. लॉकसाठी थांबलेल्याला दुप्पट मशीन दिली तरी तो तसाच थांबून राहतो. मॅनेजमेंटला मशीनचा खर्च मंजूर करण्याआधी या थांबण्याच्या कारणांचा एक आलेख दाखवा.

कनेक्शन किती आहेत, तेही बघा. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची एक स्वतंत्र प्रोसेस. ३२ कोअरच्या मशीनवर आठशे कनेक्शन एकदम काम मागू लागली तर ती एकमेकांच्याच वाटेत येतात. पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शन सगळ्यांत वाटून देणारं साधन) मध्ये बसवा, ट्रॅन्झॅक्शन मोडमध्ये (एक ट्रॅन्झॅक्शन संपलं की कनेक्शन दुसऱ्याला) चालवा, आणि प्रत्यक्ष डेटाबेसपर्यंत पोचणारी कनेक्शन कोअरच्या दुपटीपासून सुरू करून मोजत मोजत ठरवा. मात्र ट्रॅन्झॅक्शन मोडमध्ये सेशनभर टिकणाऱ्या गोष्टी (सेट केलेली सेटिंग, सेशनचे ॲडव्हायजरी लॉक, तात्पुरती टेबलं) भरवशाच्या राहत नाहीत. त्यामुळे आधी ॲप्लिकेशनचा कोड चाळावा लागेल.

आता व्हॅक्यूम. इथे जरा थांबतो, कारण तुमच्या वर्णनावरून मला सर्वांत जास्त शंका इथेच आहे.

पोस्टग्रेस ओळ अपडेट करतो म्हणजे जुनी ओळ तशीच ठेवून नवी प्रत लिहितो. जुनी प्रत कुणालाही दिसायची शक्यता संपली की ती मेलेली ओळ, आणि तिची जागा मोकळी करायचं काम व्हॅक्यूमचं. ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे आपोआप सुरू होणारा व्हॅक्यूम, एखाद्या टेबलाकडे कधी वळतो? आवृत्ती १७ पर्यंतच्या मूळ सेटिंगप्रमाणे, मेलेल्या ओळी टेबलाच्या २० टक्के झाल्या की. लहान टेबलाला हे ठीक आहे. १८० कोटींच्या टेबलात त्याचा अर्थ ३६ कोटी मेलेल्या ओळी साचेपर्यंत कुणी झाडू हातात घेत नाही. आणि मग घेतो तेव्हा तो एक व्हॅक्यूम कितीतरी तास चालतो. ॲनालाइझचं (डेटाची आकडेवारी ताजी करण्याचं) प्रमाण १० टक्के आहे, म्हणजे १८ कोटी बदल. नुसत्या नव्या ओळी धरल्या तर ४५ दिवस प्लॅनरकडे (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाकडे) जुनीच आकडेवारी राहते. आजच्या तारखेच्या ४० लाख ओळी आहेत, पण प्लॅनरचा अंदाज त्याच्या अगदी थोड्या हिश्शाचा असतो. मग तो नेस्टेड लूप (एकेक ओळ घेऊन जुळवण्याची पद्धत) निवडतो आणि काल नीट चालणारी क्वेरी आज अडकते. 'मध्येच अचानक स्लो होतं आणि ॲनालाइझ केलं की सुधारतं' असा अनुभव तुम्हाला आला असेल तर कारण हेच.

उपाय सोपा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. मोठ्या टेबलांपुरतं हे प्रमाण एक टक्का किंवा त्याहून कमी करा. ते टेबलागणिक बदलता येतं, अख्ख्या सर्व्हरला हात लावायची गरज नाही. सोबत ऑटोव्हॅक्यूमची कॉस्ट लिमिट (दम खाण्याआधी किती काम करायचं त्याची मर्यादा) वाढवा, कारण मूळ आकडा आजच्या एसएसडीच्या मानाने फारच भित्रा आहे. इथे अनेकजण फसतात ते असे: ते ऑटोव्हॅक्यूमचे वर्कर तीनाचे सहा करतात आणि लिमिट तशीच ठेवतात. ती लिमिट सगळ्या वर्करमध्ये वाटली जाते. त्यामुळे सहा जण निम्म्या वेगाने काम करतात आणि मोठ्या टेबलाचा व्हॅक्यूम उलट लांबतो.

एवढं करूनही मेलेल्या ओळी कमी होत नसतील तर कुणीतरी त्यांना धरून ठेवलंय. संशयित ठरलेले आहेत. तासन्‌तास उघडं राहिलेलं ट्रॅन्झॅक्शन. कुणी सोडून दिलेला रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरला बदल पाठवण्यासाठी राखलेली जागा). तो वॉलच्या फायलीही साठवत राहतो आणि एक दिवस डिस्क भरते. रात्रभर चालणारा पीजी डंप (अख्ख्या डेटाबेसची नक्कल उतरवून घेणारं साधन). आणि तुमच्याकडे बहुधा महिनाअखेरीचे ते रिपोर्ट. चार तासांचा रिपोर्ट प्रायमरीवर (मूळ सर्व्हरवर) चालतो तेव्हा त्या चार तासांत मेलेली एकही ओळ, कुठल्याही टेबलातली, व्हॅक्यूमला उचलता येत नाही. रिपोर्ट रेप्लिकावर (मूळ सर्व्हरच्या सतत ताज्या होणाऱ्या प्रतीवर) नेलेत पण हॉट स्टँडबाय फीडबॅक (रेप्लिकाने 'या ओळी मला अजून लागतात' असं प्रायमरीला कळवणं) चालू असेल तर तोच ताण प्रायमरीवर परत येतो. फीडबॅक बंद केला तर लांब रिपोर्ट मध्येच रद्द होतात. यातलं काय परवडेल, ते तुमच्या कामाच्या स्वरूपावर आहे. ट्रॅकिंगसाठी एक आणि रिपोर्टसाठी वेगळी, मागे पडली तरी चालेल अशी दुसरी रेप्लिका ठेवायची, असं मी बहुतेक ठिकाणी करतो.

ट्रॅन्झॅक्शन आयडीचं (लिहिणाऱ्या प्रत्येक ट्रॅन्झॅक्शनला मिळणाऱ्या क्रमांकाचं) वयही नजरेत असू द्या. तो आकडा ३२ बिटांचा आहे. दोन अब्जांच्या पुढे जायच्या आत जुन्या ओळी 'फ्रीझ' झाल्या नाहीत (त्यांच्यावर कायमच्या जुन्या अशी खूण झाली नाही) तर पोस्टग्रेस डेटा वाचवण्यासाठी लिहिणंच बंद करतो. २०१५ मध्ये सेन्ट्री या सॉफ्टवेअरमधल्या चुका टिपणाऱ्या सेवेचं आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये मेलचिंपच्या मँड्रिल या ईमेल सेवेचं काम यामुळे बंद पडलं होतं. दोन्ही जाणती मंडळी होती. मोठ्या टेबलाचा व्हॅक्यूम पुरा होत नाही आणि लिहिण्याचा वेग वाढत जातो, एवढं घडायला पुरेसं आहे. ५० कोटींवर इशारा आणि १०० कोटींवर माणसाला झोपेतून उठवणारा अलार्म, असं मी लावतो.

आता या सगळ्याच्या मुळाशी जाऊ: पार्टिशनिंग. जुन्या पेढ्यांवर दर दिवाळीत नवी वही पूजून उघडतात आणि गेल्या सालची बांधून माळ्यावर ठेवतात. इथे गाभा तोच. स्कॅनच्या नोंदी तारखेने येतात, शेवटच्या काही आठवड्यांच्याच वाचल्या जातात, आणि जुन्या बदलत नाहीत. अशा टेबलाला महिन्यागणिक पार्टिशन इतकं चपखल बसतं की आकार १०० जीबीच्या पुढे जायला लागला तेव्हाच ते व्हायला हवं होतं. प्रत्येक महिन्याचा व्हॅक्यूम वेगळा, इंडेक्स वेगळे. ताजं पार्टिशन मेमरीत मावतं. तीन वर्षांपूर्वीचा महिना काढायचा असेल तर तो डिटॅच करून ड्रॉप करायचा, काही क्षणांचं काम. तोच महिना डिलीटने काढायला गेलात तर कोट्यवधी मेलेल्या ओळी, तेवढाच वॉल आणि मागे पडलेल्या रेप्लिका पदरात पडतात.

पण पार्टिशनची किंमतही आहे, ती आधी समजून घ्या. पोस्टग्रेसमध्ये पार्टिशन केलेल्या टेबलाच्या प्रायमरी कीमध्ये पार्टिशनचा कॉलम असावाच लागतो. म्हणजे 'आयडी एकमेव' ही हमी डेटाबेस देत नाही, 'आयडी आणि तारीख मिळून एकमेव' एवढीच देतो. दुसरी किंमत तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची. ग्राहक ट्रॅकिंगला फक्त वेबिल नंबर (पार्सलच्या पावतीचा नंबर) देतो, तारीख देत नाही. तारीख नसलेली क्वेरी प्रत्येक पार्टिशनचा इंडेक्स चाचपते. साठ महिने असतील तर साठ ठिकाणी. ट्रॅकिंग आणखी मंदावेल.

यासाठी मी रचना अशी करतो. पार्सलची सद्यस्थिती वेगळ्या, अरुंद टेबलात ठेवायची: वेबिल नंबर, बुकिंगची तारीख, आत्ताची अवस्था, शेवटचा हब, एवढंच. पार्सलमागे एक ओळ. स्कॅनच्या मोठ्या टेबलात फक्त भर पडते, तिथे अपडेट अजिबात नाही. ट्रॅकिंगची क्वेरी आधी लहान टेबलातून बुकिंगची तारीख घेते आणि मग मोठ्या टेबलाला 'या तारखेपासून पुढे' असं विचारते, तेव्हा एक-दोन पार्टिशनच उघडली जातात. लहान टेबलात अपडेट सतत होतात, म्हणून त्याचा फिलफॅक्टर (ब्लॉक किती टक्के भरायचा तो आकडा) ८० च्या आसपास ठेवायचा आणि अवस्थेच्या कॉलमवर शक्यतो इंडेक्स करायचा नाही. इंडेक्समधला कॉलम बदलला नाही आणि त्याच ब्लॉकमध्ये जागा असली तर पोस्टग्रेस नवी प्रत तिथेच लिहितो आणि कुठल्याच इंडेक्सला हात लावत नाही. त्याला हॉट अपडेट म्हणतात. अवस्थेवर एक इंडेक्स टाकला की ही सवलत गेली. 'पण आम्हाला पोचवायची राहिलेली पार्सलं शोधायची असतात' असं तुम्ही म्हणाल. तो शोध दर सेकंदाला लागतो की तासातून एकदा, यावर उत्तर अवलंबून आहे. तासातून एकदा असेल तर इंडेक्सशिवायही चालतं.

चालू टेबलाला पार्टिशनमध्ये न्यायचं कसं, यासाठी दोन वाटा आहेत.

आयडी आधीच बिगइंट असेल तर सोपं आहे. नवं पार्टिशन केलेलं टेबल बनवा आणि जुनं अख्खं टेबल त्याला एक मोठं पार्टिशन म्हणून जोडा. जोडण्याआधी जुन्या टेबलावर 'तारीख अमुकच्या आधीची' अशी चेक कन्स्ट्रेन्ट (ओळींवरची अट) नॉट व्हॅलिड म्हणून, म्हणजे जुन्या ओळी न तपासता, घाला आणि मग वेगळी व्हॅलिडेट करा. व्हॅलिडेटला वेळ लागेल, पण तोवर वाचणं-लिहिणं चालू राहतं. नंतर अटॅच करताना पोस्टग्रेस पुन्हा सगळ्या ओळी तपासत बसत नाही. पुढच्या महिन्यापासूनच्या नोंदी नव्या पार्टिशनमध्ये जातात आणि जुना गठ्ठा सवडीने फोडता येतो.

आयडी इंटिजर असेल तर ही वाट बंद, कारण जोडताना कॉलमचे प्रकार जुळावे लागतात. अशा वेळी जुनं टेबल बिगइंटमध्ये बदलत बसू नका. १८० कोटी ओळी अपडेट करणं म्हणजे टेबल जवळपास दुप्पट फुगवणं. त्यापेक्षा नवं टेबल सुरुवातीपासूनच बिगइंटचं आणि पार्टिशनचं बनवा, नव्या नोंदी त्यात वळवा आणि वाचणाऱ्यांसाठी दोन्ही जोडणारा व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) ठेवा. व्ह्यूच्या जुन्या बाजूला 'अमुक तारखेच्या आधीचं' अशी अट. मग सर्वांत अलीकडच्या महिन्यापासून मागे मागे एकेक महिना कॉपी करा, आणि तो महिना जोडताना त्याच ट्रॅन्झॅक्शनमध्ये व्ह्यूची तारीख मागे सरकवा. जुन्या टेबलातून काही डिलीट करायचं नाही. सगळे महिने हलले की ते टेबल एकदमच ड्रॉप. यासाठी त्या टेबलाएवढी जास्तीची डिस्क काही आठवडे लागेल, ती आधीच मागून ठेवा. आयडी संपण्याचा प्रश्नही यातच सुटतो.

जुना डेटा किती वर्षं ठेवायचा, हे तुम्ही-मी ठरवायचं नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात, आणि २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा काम संपलेला वैयक्तिक डेटा उगाच जवळ ठेवू नका म्हणतो. बिलं एका बाजूला, ग्राहकाचा पत्ता आणि फोन दुसऱ्या बाजूला, हबवरचे स्कॅन तिसरीकडे. प्रत्येकाची मुदत तुमच्या हिशेब विभागाकडून आणि वकिलाकडून लेखी घ्या, मगच पार्टिशन ड्रॉप करणारं स्क्रिप्ट लिहा.

इंडेक्सबद्दल थोडक्यात. न वापरलेले शोधून काढून टाका, पण काढण्याआधी रेप्लिकावरची आकडेवारीही बघा. प्रत्येक सर्व्हर आपापलं मोजतो, त्यामुळे प्रायमरीवर शून्य दिसणारा इंडेक्स रेप्लिकावर रिपोर्टचा कणा असू शकतो. स्कॅनच्या वेळेवर साधा बीट्री (नेहमीच्या प्रकारचा इंडेक्स) असेल तर तो १८० कोटी ओळींना चाळीसेक जीबी घेतो. नोंदी वेळेच्या क्रमानेच येत असल्या तर ब्रिन इंडेक्स (ब्लॉकांच्या गटागणिक फक्त किमान-कमाल ठेवणारा) तेच काम काही डझन एमबीत करतो. दिवसाच्या, आठवड्याच्या मोठ्या रिपोर्टला तो पुरतो. एका पार्सलचा शोध घ्यायला त्याचा उपयोग नाही.

प्रॉडक्शनवर टेबलाची रचना बदलताना एक सवय लावून घ्या: आधी लॉक टाइमआउट (लॉकसाठी किती वेळ थांबायचं तो आकडा) दोन-तीन सेकंद ठेवायचा, जमलं नाही तर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न. अल्टर टेबल स्वतः क्षणात होणारं असलं तरी त्याला लॉक मिळेपर्यंत ते एखाद्या लांब रिपोर्टच्या मागे उभं राहतं, आणि नंतर आलेली प्रत्येक साधी क्वेरी त्याच्या मागे. ग्राहकाला दिसतं ते असं की अख्खी साइट बंद पडली. इंडेक्स नेहमी कन्करंटली (लिहिणं न अडवता) बांधा, आणि मध्येच फसलं तर मागे उरलेला इनव्हॅलिड इंडेक्स शोधून काढून टाका. तो वाचायला कामाचा नसतो, लिहिताना मात्र ओझं देत राहतो.

आता बॅकअप. तुमच्या प्रश्नात याचा उल्लेखच नव्हता, म्हणून मी मुद्दाम विचारतो: ४ टीबी परत उभं करायला तुम्हाला किती वेळ लागतो? अंदाज नको, घड्याळ लावून मोजलेला आकडा. नुसती कॉपी सेकंदाला २०० एमबीने झाली तरी साडेपाच तास होतात. त्यावर शेवटच्या बेस बॅकअपनंतरचा (संपूर्ण प्रतीनंतरचा) वॉल चढवण्याचा वेळ. पीजी डंपमधून परत आणायचं ठरवलं तर सगळे इंडेक्स नव्याने बांधावे लागतात, तो वेळ आणखी कितीतरी मोठा. या आकाराला पीजीबॅकरेस्टसारखं साधन, फाइल पातळीवरचा बॅकअप, वॉल सतत दुसरीकडे साठवणं आणि समांतर रिस्टोअर, एवढं हवंच. रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून ड्रॉप झालेलं टेबल तिथेही सेकंदाभरात ड्रॉप होतं. एक रेप्लिका मुद्दाम काही तास मागे ठेवली तर अशा वेळी ती जीव वाचवते.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या इंजिनिअरने रात्री रेप्लिकेशन दुरुस्त करताना चुकून प्रायमरीचा डेटा पुसला. सुमारे ३०० जीबी. मग लक्षात आलं की पीजी डंपचे बॅकअप आवृत्ती जुळत नसल्यामुळे कधीचेच फसत होते आणि त्याची सूचना कुणापर्यंत पोचत नव्हती. शेवटी सहा तास आधी घेतलेल्या एका स्नॅपशॉटने (डिस्कच्या त्या क्षणीच्या प्रतीने) त्यांना तारलं. त्यांनी हे सगळं उघडपणे मांडलं, याबद्दल या धंद्यातल्या प्रत्येकाने त्यांचे आभार मानायला हवेत. मी जिथे काम करतो तिथे रिस्टोअर ठरलेल्या वेळापत्रकाने आपोआप होतो, रिस्टोअर झालेल्या प्रतीवर काही क्वेरी चालवून आकडे जुळवले जातात, आणि लागलेला वेळ व्यवसायाच्या प्रमुखांना कळवला जातो. 'सहा तास बंद राहिलो तर किती नुकसान?' याचं उत्तर त्यांच्याकडे असतं, आपल्याकडे नसतं.

या सगळ्यानंतर तुमच्या तीन पर्यायांकडे येतो.

मोठी मशीन: वेट इव्हेंटमध्ये डिस्कवरून वाचणं वरचढ दिसलं तर मेमरी वाढवणं हा स्वस्त आणि सुरक्षित उपाय आहे, जरूर करा. स्टॅक ओव्हरफ्लोसारखी प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची मोठी साइट कितीतरी वर्षं मोजक्याच दणकट एसक्यूएल सर्व्हरवर चालली. फक्त नवी मशीन नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची असेल तर सावध राहा. सेंटओएस ७ वरून पुढच्या पिढीच्या लिनक्सवर डेटाच्या फायली किंवा स्ट्रीमिंग रेप्लिका जशीच्या तशी नेलीत तर मजकुराचा क्रम लावण्याचे नियम मधल्या काळात बदललेत (जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीपासून), आणि मजकुराच्या कॉलमवरचे इंडेक्स गुपचूप चुकीचे ठरू शकतात. ओळ टेबलात असते आणि शोधताना सापडत नाही. तसे इंडेक्स नव्याने बांधायचा वेळ धरूनच योजना करा, किंवा लॉजिकल रेप्लिकेशनने (फायली न नेता ओळींतले बदल पाठवून) जा.

नोएसक्यूएल: तुमची बिलं, ताबा-पावत्या, कॅश ऑन डिलिव्हरीचा हिशेब हे सगळं ट्रॅन्झॅक्शनवर उभं आहे. ते सोडून गेलात तर ती हमी ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये लिहावी लागेल, आणि ती तिथे डेटाबेसइतकी पक्की होत नाही. महिनाअखेरीचे रिपोर्ट मात्र खरंच वेगळीकडे न्या. क्लिकहाउससारखा कॉलम पद्धतीने साठवणारा डेटाबेस अशा बेरजांसाठीच बनलेला आहे, आणि लॉजिकल रेप्लिकेशनने नोंदी तिकडे सतत पाठवता येतात. त्रासाचा मोठा वाटा इथेच कमी होईल.

शार्डिंग: एका मशीनची लिहिण्याची क्षमता खरोखर संपली तर याला पर्याय नाही. नोशन या नोट्स आणि कागदपत्रांच्या ॲपने २०२१ मध्ये आपला पोस्टग्रेस ४८० लॉजिकल शार्डमध्ये वाटून ३२ डेटाबेसवर ठेवला. पण त्यांच्याकडे वाटणीचा कॉलम स्वाभाविक होता: एका वर्कस्पेसचा डेटा दुसऱ्याला लागत नाही. तुमचं पार्सल भिवंडीहून निघून नागपूरमार्गे रायपूरला जातं, प्रत्येक हबला त्याची नोंद लागते आणि पैसे देणारी कंपनी चौथीच. हबने वाटलंत तर एक पार्सल तीन शार्डमध्ये, ग्राहक कंपनीने वाटलंत तर हबचा रोजचा मॅनिफेस्ट (मालाची यादी) सगळ्या शार्डमधून गोळा करायचा. रोजच्या ४० लाख नोंदी म्हणजे सरासरीने सेकंदाला ४६, गर्दीच्या तासाला दहापट धरा. एवढं लिहिणं एका चांगल्या मशीनला जड नाही. शार्डिंगची वेळ तुमच्यावर आलेली नाही.

पुढचं नेमकं सांगायला मला चार गोष्टी लागतील: पोस्टग्रेसची आवृत्ती (११ च्या आधीची असेल तर पार्टिशनबद्दल लिहिलेलं बरंच बदलेल आणि आधी अपग्रेड येईल), आयडीचा प्रकार आणि सिक्वेन्सचा आजचा आकडा, मोठ्या टेबलावर दिवसाला किती अपडेट होतात, आणि एकूण वेळेच्या क्रमाने पहिल्या दहा क्वेरी. क्वेरी टाकताना ग्राहकांची नावं, फोन नंबर काढून टाका. सिक्वेन्सचा आकडा २०० कोटींच्या पुढे निघाला तर बाकीचं जमवत बसू नका, तेवढंच लगेच कळवा.